बायका घोरत नाहीत? स्त्रियांमधला स्लीप ॲप्निया का निसटतो आणि त्यावर काय करता येतं

फेब्रुवारी २०२२मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं. डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणात 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' हे नाव होतं. बातम्यांमधून ते घरोघरी पोचलं आणि अनेकांनी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. झोपेत श्वास थांबणं हाही एक आजार असतो, हे लोकांना कळलं. मात्र या आजाराबद्दल डोक्यात असलेलं चित्र बदललं नाही. जाड मानेचा, पन्नाशीपुढचा, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं घोरणारा पुरुष, असंच ते चित्र आहे.

ते खोटं नाही, पण अर्धं आहे. 'स्टार वॉर्स'मधली प्रिन्सेस लेया म्हणून जगाला माहीत असलेली अभिनेत्री कॅरी फिशर २०१६मध्ये गेली. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या शवचिकित्सा विभागाने तिच्या मृत्यूच्या कारणांत इतर घटकांसोबत स्लीप ॲप्नियाचाही उल्लेख केला. एम्सच्या डॉक्टरांनी २०२३मध्ये भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा: प्रौढ पुरुषांत सुमारे १३ टक्के, प्रौढ स्त्रियांत सुमारे ५ टक्के. म्हणजे वीस बायकांमागे एक. तुमच्या भिशीत किंवा बचत गटात वीस जणी असतील, तर त्यातल्या एकीला हा आजार असण्याची शक्यता आहे आणि तिला ते बहुधा माहीत नसेल.

झोपेत नेमकं काय होतं?

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ थोडी मागे सरकते, मऊ टाळू खाली येतो, हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना जो आवाज होतो ते घोरणं. काही जणांमध्ये ही वाट पूर्णच मिटते. छाती आणि पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो, मेंदू झोपेतून अर्धवट जागा होतो, मोठा श्वास घेतला जातो आणि माणूस परत झोपतो. सकाळी यातलं काहीही आठवत नाही.

श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. पूर्ण थांबला नाही पण बराच कमी झाला तर हायपोप्निया. झोपेच्या दर तासाला असे प्रसंग सरासरी किती झाले, तो आकडा म्हणजे एएचआय. हा ५ ते १५ असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा आवळला जाणं, रात्रभर.

स्त्रियांच्या घशाची रचना आणि हार्मोन्स यांमुळे ही वाट तुलनेने सहज मिटत नाही. पूर्ण बंद होण्याऐवजी ती अरुंद होते, म्हणजे ॲप्नियापेक्षा हायपोप्निया जास्त. शिवाय स्त्रिया ऑक्सिजन फार खाली जाण्याआधीच जाग्या होतात. त्यामुळे प्रसंग छोटे असतात, पण झोपेचे तुकडे मात्र तितकेच पडतात. आणि यातले बरेच प्रसंग स्वप्नं पडतात त्या झोपेत, म्हणजे आरईएम झोपेत येतात. ही झोप मुख्यतः रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे असते. एएचआय ही रात्रभराची सरासरी. पहिले चार तास बरे गेले आणि पहाटे दोन तास श्वास सतत अडला, तरी सरासरी सौम्यच दिसते.

मोजपट्टीच पुरुषांची

झोपेच्या दवाखान्यांत सुरुवातीच्या दशकांत एका बाईमागे आठ-नऊ पुरुष येत. त्यावरून हा पुरुषांचा आजार ठरला. मग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये संशोधकांनी दवाखान्यात येणाऱ्यांची वाट न पाहता राज्य सरकारच्या नोकरदारांनाच तपासायला बोलावलं. १९९३मध्ये आलेले त्यांचे आकडे असे: ३० ते ६० वयाच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी ९ टक्के जणांचा एएचआय ५ किंवा अधिक होता. प्रमाण आठास एक नव्हतं, तीनास एकच्याही आत होतं. बाकीच्या बायका दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हत्या. त्याच गटाने १९९७मध्ये मांडलेला अंदाज आणखी बोलका आहे. मध्यम ते तीव्र आजार असलेल्या पुरुषांपैकी ८२ टक्क्यांचं निदान झालेलं नव्हतं, स्त्रियांपैकी ९३ टक्क्यांचं.

भारतात याची सुरुवात मुंबईतून झाली. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही उद्धृत होतो. आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या मुंबईकरांपैकी ७.५ टक्क्यांना झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्यासह दिवसा पेंगण्याचा त्रास होता. अभ्यास महत्त्वाचाच होता. पण त्यात एकही स्त्री नव्हती, तो फक्त पुरुषांवर बेतलेला होता.

आता डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्रश्नावल्या बघा. 'स्टॉप-बँग' ही जगभर वापरली जाणारी यादी. घोरणं, थकवा, श्वास थांबताना कुणी पाहिलंय का, बीपी, वजन, वय, मानेचा घेर आणि शेवटी लिंग. पुरुष असाल तर एक गुण. बाई असाल तर शून्य. म्हणजे प्रत्येक बाई एक गुण मागे राहूनच सुरुवात करते. वजनासाठीची मर्यादा बीएमआय ३५ची. भारतीय माणसांत जबड्याची ठेवण आणि पोटावरची चरबी यांमुळे हा आजार याहून कितीतरी कमी वजनालाही होतो.

दुसरी 'एपवर्थ' मोजपट्टी १९९१ची, ऑस्ट्रेलियातली. आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, हे ती विचारते: वाचताना, टीव्ही बघताना, सिग्नलला थांबलेल्या गाडीत, दुपारी आडवं पडल्यावर, वगैरे. ज्या बाईला दुपारी आडवं पडायलाच मिळत नाही आणि जी टीव्हीसमोरही मेथी निवडत बसते, तिने या प्रश्नांना काय उत्तर द्यावं? तिला झोप येत नाही, ती थकलेली असते. मोजपट्टी झोप मोजते, थकवा मोजत नाही.

तक्रार वेगळी म्हणून डॉक्टरही वेगळा

पुरुष तक्रार घेऊन येतो, खरं तर त्याची बायको त्याला घेऊन येते: "हे घोरतात आणि मधेच श्वास थांबतो हो यांचा." बाई एकटी येते आणि वेगळंच सांगते. रात्री दोन-तीनदा जाग येते, परत झोप लागत नाही. सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं. अंगात त्राण नाही. चिडचिड होते, उगाच रडू येतं. पायात वळवळल्यासारखं होतं. काही लक्षात राहत नाही. रात्री लघवीला उठावं लागतं.

या प्रत्येक तक्रारीला एक तयार उत्तर आहे. डोकेदुखीला मायग्रेन, थकव्याला हिमोग्लोबिन, रडण्याला नैराश्य, लघवीला साखर, आणि चाळिशी ओलांडलेली असेल तर सगळ्याला मिळून 'पाळी जायचं वय'. ही उत्तरं नेहमी चुकीची असतात असंही नाही, अडचण तिथेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दर दुसऱ्या बाईच्या थकव्याला रक्ताचा रिपोर्ट उत्तर देऊन टाकतो. थायरॉईडचंही तसंच. त्यात थायरॉईड कमी काम करत असेल तर स्लीप ॲप्नियाची शक्यता उलट वाढते. एक कारण सापडलं म्हणजे दुसरं नाही असं होत नाही. लोहाच्या गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन १२च्या वर गेलं आणि थकवा तिथेच राहिला, तर पुढचा प्रश्न झोपेचा असायला हवा.

रात्री लघवीला उठण्याचं कारण तर थेट श्वासाशी जोडलेलं आहे. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब बदलतो, हृदयावर ताण येतो आणि हृदयातून सुटणारं एक हार्मोन मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला सांगतं. साखर नॉर्मल आहे, जंतुसंसर्ग नाही, तरी रोज रात्री तीनदा उठावं लागतंय, तर हे कारण डोक्यात ठेवावं.

सगळ्यात धोक्याची चूक होते ती झोपेच्या गोळीची. 'झोप लागत नाही' म्हटलं की अल्प्राझोलामसारखी गोळी लिहून दिली जाते आणि मग वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी दुकानात दाखवली जाते. ही औषधं स्नायू सैल करतात आणि जाग येण्याची क्षमता कमी करतात. श्वास अडल्यावर जाग येणं हाच शरीराचा बचाव असतो, गोळी नेमकी तोच बोथट करते. मात्र वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये. त्याने फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना सांगून हळूहळूच कमी करावी.

आणि घोरणं? त्याची लाज वाटते. इस्रायलमधल्या एका झोप केंद्रात १९००हून जास्त रुग्णांना आधी विचारलं गेलं आणि मग त्यांचा आवाज मोजला गेला. २०१९मध्ये निकाल आला: ८८ टक्के स्त्रिया घोरत होत्या, कबूल ७२ टक्क्यांनीच केलं होतं. पुरुषांत सांगितलेलं आणि मोजलेलं जवळपास सारखंच होतं. आवाजाची पट्टीही फार वेगळी नव्हती. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. शेजारी झोपलेला नवरा स्वतःच घोरत असतो, किंवा बाई मुलांजवळ, सासूबाईंजवळ वेगळ्या खोलीत झोपते, किंवा एकटीच असते. साक्षीदारच नसतो.

धोका वाढतो ते तीन काळ

पहिला पीसीओएसचा. पाळी अनियमित, अंगावर केस, वजन वाढतंय अशा तरुण मुलींमध्ये स्लीप ॲप्नियाचं प्रमाण त्याच वयाच्या इतर मुलींपेक्षा कितीतरी जास्त असतं. पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये घोरणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं आणि दिवसा पेंगणं याविषयी विचारावं असं आता स्पष्ट लिहिलेलं आहे. २५ वर्षांच्या सडपातळ दिसणाऱ्या मुलीला 'तू घोरतेस का' असं विचारणारे मात्र थोडे.

दुसरा गरोदरपण. वजन वाढतं, नाक चोंदतं, पोट वर दाबतं. अमेरिकेत पहिलटकरणींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (२०१७) गरोदरपणाच्या सुरुवातीला ३.६ टक्के आणि मध्यावर ८.३ टक्के स्त्रियांमध्ये झोपेतला श्वासाचा अडथळा सापडला. ज्यांना तो होता त्यांच्यात गरोदरपणातला बीपी, प्रीएक्लॅम्प्सिया आणि मधुमेह यांचा धोका जास्त होता. गरोदरपणात नव्याने सुरू झालेलं जोरदार घोरणं 'असं होतंच' म्हणून सोडून देऊ नये, पुढच्या तपासणीत सांगावं.

तिसरा आणि सगळ्यात मोठा काळ पाळी बंद झाल्यानंतरचा. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन श्वासाला चालना देतं. ते गेलं की पहारेकरी गेला, आणि चरबी नितंबांवरून पोटाकडे आणि मानेकडे सरकते. पेन्सिल्व्हेनियातल्या २००१च्या एका पाहणीत पाळी चालू असलेल्या स्त्रियांत आजाराचं प्रमाण ०.६ टक्के होतं. पाळी बंद झालेल्या आणि हार्मोन न घेणाऱ्या स्त्रियांत ते २.७ टक्के निघालं. निकष कडक असल्याने आकडे छोटे आहेत, पण वाढ चौपटीहून जास्त आहे. पुढे अमेरिकी नर्सेसच्या अभ्यासात असंही दिसलं, की शस्त्रक्रियेने पाळी बंद झालेल्यांना नैसर्गिकपणे बंद झालेल्यांपेक्षा धोका जास्त असतो. महाराष्ट्रात ही गोष्ट दूरची नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पिशवी कमी वयातच काढली जात असल्याचं २०१९मध्ये राज्यभर गाजलं. पिशवीचं ऑपरेशन झालेली बाई थकव्याची तक्रार घेऊन आली, अंडाशयही काढले असतील तर विशेषच, तिची झोप विचारायला हवी.

याशिवाय एक खूण वयावर अवलंबून नाही. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करायलाच हवी.

तपासणी कशी होते?

सुरुवात फोनने करता येते. उशाशी फोन ठेवून दोन-तीन रात्रींचा आवाज रेकॉर्ड करा, पहाटेचे तास त्यात यायला हवेत. घोरणं, मग शांतता, मग धाप लागल्यासारखा श्वास, असा क्रम ऐकू आला तर ती क्लिप डॉक्टरांना ऐकवा. काही स्मार्टवॉच २०२४पासून ॲप्नियाचा इशारा देतात. इशारा मिळाला तर तो गांभीर्याने घ्या. पण ही घड्याळं मध्यम आणि तीव्र आजारासाठी बनवलेली आहेत, त्यामुळे इशारा आला नाही म्हणजे आजार नाही असं समजू नका.

फॅमिली डॉक्टरांकडून छातीविकार तज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाता येतं. तपासणी दोन प्रकारची. घरी करायची, ज्यात बोटाला, नाकाला आणि छातीला सेन्सर लावून झोपायचं. आणि प्रयोगशाळेतली पॉलिसोम्नोग्राफी, ज्यात डोक्यालाही तारा लावून मेंदूच्या लहरी मोजतात. घरची तपासणी सोपी आणि स्वस्त, पण मेंदूला आलेली जाग तिला बहुधा कळत नाही आणि स्त्रियांचे बरेच प्रसंग जागेवरूनच ओळखावे लागतात. म्हणून लक्षणं ठळक असताना घरची तपासणी नॉर्मल आली तर विषय तिथे संपत नाही. अशा वेळी प्रयोगशाळेत तपासणी करावी, असंच अमेरिकी निद्रावैद्यक संघटनेचं मार्गदर्शनही सांगतं.

रिपोर्ट हातात आला की दोन गोष्टी विचारा. आरईएम झोपेतला एएचआय वेगळा किती आहे? आणि हायपोप्निया मोजताना ऑक्सिजन ३ टक्के घसरण्याचा नियम धरला की ४ टक्के? ४ टक्क्यांच्या नियमात स्त्रियांचे अनेक प्रसंग मोजलेच जात नाहीत. त्याच रात्रीचा, त्याच बाईचा रिपोर्ट एका नियमाने 'सौम्य' आणि दुसऱ्याने 'नॉर्मल' येऊ शकतो.

उपचार

मध्यम आणि तीव्र आजारात पहिला उपचार सीपॅप. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब सतत दिला जातो आणि घशाची वाट उघडी राहते. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली तेव्हाचं यंत्र व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीवर चालायचं. आताची यंत्रं उशाशेजारी मावतात आणि आवाज जवळपास करत नाहीत. स्त्रियांना सहसा कमी दाब पुरतो. मास्क मात्र चेहऱ्याच्या मापाचा हवा. मोठा मास्क लहान चेहऱ्यावर बसवला की हवा डोळ्यांकडे गळते, आणि यंत्र आठवडाभरात कपाटावर जातं. विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन बघता येतं.

उपयोग होतो का? स्पेनमध्ये मध्यम ते तीव्र आजार असलेल्या ३०७ स्त्रियांवरच केलेल्या चाचणीत (२०१६) १२ आठवड्यांत जीवनमान सुधारलं, पेंगणं आणि उदासपणा कमी झाला. हृदयविकार टळतो का, याचं उत्तर इतकं सरळ नाही. २०१६च्या 'सेव्ह' या मोठ्या चाचणीत सीपॅपने हृदयाचे आघात कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यातले बहुसंख्य रुग्ण पुरुष होते आणि यंत्राचा वापर रात्री सरासरी ३.३ तासच होता. स्त्रियांसाठी वापराचे तास विशेष महत्त्वाचे. रात्री अकराला मास्क लावला आणि तीनला काढला, तर नेमकी पहाटेची आरईएम झोप उपचाराविना राहते. पहाटे पाचला पाणी भरायला आणि डब्याला उठणाऱ्या बाईने किमान उठेपर्यंत तरी मास्क ठेवावा, आणि घरातल्यांनी तिला तेवढं झोपू द्यावं. हा उपचार एकट्या बाईच्या हातात नाही.

सौम्य आजारात, किंवा सीपॅप सहन होत नसेल तर, दंतवैद्य खालचा जबडा पुढे ठेवणारी पट्टी बनवून देतात. पाठीवर झोपल्यावरच त्रास होत असेल तर कुशीवर झोपण्याची सवय पुरेशी ठरते. टॉन्सिल मोठे असतील, नाकाचं हाड वाकडं असेल तर त्याचा उपचार वेगळा. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने एएचआय उतरतो. टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४मध्ये लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्यांसाठी मान्यता दिली. ते भारतातही मिळतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. पाळी बंद झाल्यावर दिले जाणारे हार्मोन केवळ ॲप्नियासाठी देत नाहीत. आणि रील्समध्ये दिसणारी तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायची युक्ती हा उपचार नाही. नाक चोंदलेलं असेल तर ती धोक्याचीच आहे.

निदान झालं असेल, किंवा नुसता संशय असेल, तरी कोणत्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगायला हवं. पित्ताशयाचं असो, पिशवीचं असो की सिझेरियन. भूल आणि वेदनाशामक औषधं घसा आणखी सैल करतात. आधी कळलं तर त्यांना औषधं बदलता येतात आणि ऑपरेशननंतर ऑक्सिजनवर जास्त वेळ लक्ष ठेवता येतं. घरी सीपॅप असेल तर ते यंत्र दवाखान्यात सोबत न्यावं.